बर्डीच्या टेकडीचा दगड, ओट्याखालच्या यंत्रात

जुना डिशवॉशर बाल्कनीतून निघाला, तेव्हा त्याच्या पोटात दगड सापडला. फिटरने तळाचा पत्रा उघडला, पाणी तापवणारी नळी सोडवली आणि माझ्या तळहातावर एक पांढुरकं कवच ठेवलं. अंड्याच्या टरफलाहून बरंच जाड, आतून गुळगुळीत, बाहेरून खरखरीत, आणि नळीवर बसून बसून नळीसारखंच गोल झालेलं. "ताई, हे जमून राहिलं होतं नळीवर. मग पाणी कसं तापणार?" तो म्हणाला.

आम्ही राहतो नागपुरात सीताबर्डीला, मोदी नावाच्या भागातल्या एका गल्लीत, तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. टाकीत नळाचं पाणी येतं आणि ते कमी पडलं की बोअरचं. उन्हाळ्यात बोअरचंच जास्त. जुन्या यंत्राने या पाण्यावर अकरा वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं मात्र काचेचे ग्लास धुरकट निघत आणि डब्यांच्या झाकणांच्या खाचेत पाणी साचलेलं राही. आई रोज सकाळी एकेक झाकण उलटं करून झटकायची. ते झटकणं आमच्या घरातल्या सकाळच्या आवाजांपैकी एक झालं होतं.

त्या कवचावर मी लिंबाचे दोन थेंब पिळले. लगेच फसफसून बारीक बुडबुडे आले. म्हणजे हा कॅल्शियम कार्बोनेट, ज्याच्या खनिजरूपाला कॅल्साइट म्हणतात. शिंपला, खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात तोच पदार्थ. आमच्या यंत्रात तो आला कुठून, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. गल्लीतून बाहेर पडून मान वर केली की ज्या टेकडीवर किल्ला दिसतो, तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

त्या टेकडीचं नाव निघालं की आपल्याला नोव्हेंबर १८१७ मधली भोसले आणि इंग्रजांची लढाई आठवते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशी तो लोकांसाठी उघडतो, तेव्हा आपण पोरांना घेऊन वर जातो आणि तोफा बघून येतो. पायांखालचा दगड कोणी बघत नाही. स्टीफन हिस्लॉप यांनी तो पाहिला. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे, तेच हे मिशनरी. नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाचे दोन थर आहेत आणि त्यांच्यामध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा एक पातळ थर आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे एकदा लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्याच्या तळाशी गाळ बसला, आणि मग वरून पुन्हा लाव्हा आला. नागपूरभोवतीच्या अशा थरांत त्या वेळच्या गोगलगायींचे शंख सापडतात. इथल्या व्हरायटी चौकात सिग्नलला थांबले की हल्ली मला हे आठवतं आणि अंगावर काटा येतो.

हा लाव्हा म्हणजे बसाल्ट, आपला काळा पाषाण. थेट सह्याद्रीपासून पसरत आलेल्या दख्खनच्या बसाल्टची या बाजूची पूर्वेकडची कड नागपूर शहरातच आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि दगडाच्या भेगांतून मुरत जाताना त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं. बोअरमधून वर येतं ते हे जड पाणी. दिसायला नितळ, पण दगड पोटात घेतलेलं. ते तापवलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम पुन्हा दगड होऊन जिथे सगळ्यात जास्त उष्णता आहे तिथे, म्हणजे तापणाऱ्या नळीवरच, बसतो. दगडातून उष्णता नीट जात नाही. त्यामुळे नळी आत नको तेवढी तापते आणि पाणी बाहेर कोमट राहतं. हिस्लॉपना नागपूरजवळ हिरवट रंगाचा एक कॅल्साइट मिळाला होता, त्याला त्यांच्याच नावावरून हिस्लॉपाइट म्हणतात. माझ्या तळहातावर होता तो त्याचाच पांढरा, घरगुती भाऊबंद.

नवं यंत्र बिल्ट-इन घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. जुनं बाल्कनीत ठेवलं होतं, कारण ते ओट्याखाली मावत नव्हतं. उभ्या यंत्राची उंची साधारण ८५ सेंटीमीटर, बिल्ट-इनची ८१.५. हे साडेतीन सेंटीमीटर आपल्या स्वयंपाकघरांत निर्णायक ठरतात. आपले ओटे कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर ठेवलेले असतात आणि ट्रॉल्यांखाली चार इंचांचा एक थर उचललेला असतो. तो थर फोडावा लागला. साठ सेंटीमीटर रुंदीचा गाळा मोजताना फिटरने वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी टेप लावला, कारण कडप्पा क्वचितच ओळंब्यात असतो.

रिकामं यंत्र हलकं असतं. भांड्यांनी भरलेले दोन्ही कप्पे पूर्ण बाहेर ओढले तर ते पुढे कलंडेल, म्हणून त्याला जखडावं लागतं. वर ग्रॅनाइट असल्याने तिथे स्क्रू मारता येत नाही, तेव्हा बाजूंना पट्ट्या लावल्या. मग दारावर आमच्या बाकीच्या कपाटांसारखंच शटर चढवलं. दाराचं वजन वाढलं, तसं त्याने खालच्या दोन स्प्रिंगांचा ताण एका स्क्रूने थोडा थोडा वाढवत नेला आणि दार अर्धं उघडून हात काढून घेतला. दार जागच्या जागी थांबलं. पडलंही नाही, मिटलंही नाही. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या कोनात सोडून पाहिलं. प्रत्येक वेळी ते तिथेच तरंगत राहिलं.

घाण पाण्याचा पाइप त्याने जमिनीवरून सरळ मोरीत न नेता आधी ओट्याच्या तळापर्यंत वर चढवला आणि मग खाली आणला. सिंक तुंबलं तर ते पाणी उलटं यंत्रात येऊ नये म्हणून. पाण्याचा दाब त्याने बोलत बोलतच मोजला, टाकीकडे बोट दाखवून. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. पुष्कळ यंत्रांना किमान अर्धा बार लागतो, म्हणजे टाकी पाच मीटर वर हवी. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे निभावलं. टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांना पंप लावावा लागतो. यंत्राच्या बुडाशी पत्र्याचं एक ताट असतं आणि त्यात तरंगणारा एक हलका तुकडा. कुठे गळती होऊन ताटात पाणी साचलं की तो उचलला जातो, बटण दाबलं जातं आणि येणारं पाणी बंद होतं.

आता आतलं. पाण्याचे फवारे मारणारे पंखे कोणती मोटार फिरवते, असं मी विचारलं. कोणतीच नाही. दिवाळीतलं भुईचक्र आठवा. आग एका दिशेला फेकली जाते आणि चक्र उलट दिशेला फिरतं. पंख्याच्या छिद्रांपैकी काही तिरपी असतात, त्यांतून पाणी जोराने एका बाजूला सुटतं आणि पंखा दुसऱ्या बाजूला फिरू लागतो. एका वेळी यंत्र फक्त तीन-चार लिटर पाणी घेतं. तेच गाळून गाळून पुन्हा वर फेकत राहतं. पूर्ण धुण्याला बहुतेक नव्या यंत्रांत दहा लिटरांच्या आसपास पाणी लागतं. सिंकमध्ये नळ सोडून घासताना एवढं पाणी पहिल्या काही मिनिटांतच जातं.

पाण्याच्या जोरावर भांडी धुण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन यांनी चालवून दाखवली. तारांच्या कप्प्यांत भांडी, खालून गरम साबणाच्या पाण्याचा मारा. त्यांना पेटंट मिळालं २८ डिसेंबर १८८६ रोजी. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. १८९३ साली शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने धर्मपरिषद भरली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात कॉक्रनबाईंची यंत्रं मोठ्या उपाहारगृहांची भांडी धूत होती.

घासायला हात नाही, मग कढईची तर्री निघते कशी? हेन्केल कंपनीतले जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली याचं फार सोपं चित्र काढलं. एका वर्तुळाचे चार हिस्से: रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. एक हिस्सा कमी केला की बाकीचे वाढवावे लागतात. यंत्र घर्षण कमी करतं आणि वेळ, उष्णता, रसायन वाढवतं. म्हणून त्याला दोन-तीन तास लागतात आणि म्हणूनच भारतात विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत ७० अंशांवरचा खास कढईचा प्रोग्राम असतो. यंत्रात टाकायच्या डिटर्जंटच्या वडीतला सोडा तेलाचं थोडं थोडं साबणात रूपांतर करतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे राखच की." अगदी बरोबर. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट, वडीत सोडियम कार्बोनेट. आजी मोरीवर बसून जिने भांडी घासायची, ती हीच अल्कली. वडीत शिवाय दोन प्रकारची विकरं असतात, एक प्रथिनं तोडणारं आणि दुसरं स्टार्च तोडणारं. भात बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं असंच विकर असतं. भांड्याला वाळून चिकटलेलं वरण यंत्रातही असंच पचतं. म्हणून भांडी आधी लख्ख विसळून लावू नयेत, खरकटं तेवढं काढावं. पुष्कळ यंत्रं पाण्यातून प्रकाश पाठवून ते किती गढूळ झालंय ते बघतात. पाणी नितळ दिसलं तर ती धुणं आटोपतं घेतात.

पहिल्या दिवशी प्लास्टिकचा एक हळदलेला डबा तांबूस होऊन निघाला आणि आई घाबरली. पण पारंपरिक कुंकू करताना हेच होतं. हळदीला अल्कली मिळाली की पिवळी हळद लाल होते. तो डबा दोन दिवस उन्हात ठेवला, डाग फिका पडला, कारण हळदीचा रंग उजेडात तुटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि हिंडालियमच्या भांड्यांना मात्र ही अल्कली काळं करते. ती हातानेच घासावीत, पितळेचीही.

तो पांढरा दगड पुन्हा नळीवर बसू नये, यासाठी तळाशी एक छोटी कोठी असते. तिच्यात राजगिऱ्याच्या दाण्यांएवढे राळेचे मणी. प्रत्येक मण्याने सोडियम धरून ठेवलेला असतो. जड पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतात आणि बदल्यात सोडियम देतात. मणी भरले की यंत्र त्यांना मिठाच्या तीव्र पाण्याने धुतं, ते पुन्हा सोडियम धरतात आणि टेकडीचा कॅल्शियम मोरीतून वाहून जातो. म्हणून जाडं मीठ वेळोवेळी भरायचं. फिटरने पट्टी बुडवून पाणी तपासलं आणि त्याप्रमाणे जडपणाचा आकडा लावून दिला. जुन्या यंत्रालाही मिठाचा कप्पा होता. आम्ही तो पहिली दोन वर्षं भरला आणि पुढे विसरलो. त्या विसरण्याचं वजन माझ्या हातात होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते वाळवणं. स्टीलची भांडी गरम असतात, त्यांच्यावरचं पाणी उडून जातं. प्लास्टिक उष्णता धरत नाही, म्हणून डबे ओले राहतात. या मॉडेलच्या बुडाशी झिओलाइटची एक पेटी आहे. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी एक खनिज तापवलं, तर ते उकळल्यासारखं फुलून वाफ सोडू लागलं. म्हणून त्याचं नाव झिओलाइट, उकळणारा दगड. या स्फटिकाच्या आत सूक्ष्म खोल्या असतात. त्या पाण्याची वाफ ओढून घेतात आणि घेताना उष्णता बाहेर टाकतात. यंत्रातली दमट हवा पेटीतून फिरते आणि कोरडी, गरम होऊन परत येते. पुढच्या धुण्यात पेटी तापवली की ती वाफ सुटते, पाणी तापवायला मदत करते आणि दगड पुन्हा तहानलेला होतो. यंत्र आहे तोवर तो बदलावा लागत नाही.

पेटीतला झिओलाइट कारखान्यात बनलेला असतो. पण जगातल्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेले सुंदरातले सुंदर झिओलाइट पुण्या-नाशिकच्या खाणींतून गेलेले आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि मुरलेल्या पाण्याने त्यांत हे स्फटिक वाढवले. म्हणजे नळीवर कवच चढवणारा आणि डबे वाळवणारा, दोघेही त्याच काळ्या पाषाणाच्या घरातले. पाणी मऊ करण्याचं कामही राळेचे मणी येण्याआधी झिओलाइटच करत असे.

रात्री साडेदहाला यंत्र लावलं. आवाज इतका कमी की चालू आहे की नाही ते कळेना. दाराखालच्या फरशीवर फक्त एक लाल ठिपका पडलेला, काम चालू असल्याची खूण. सकाळी मी उठले तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती. तिने सवयीने डब्याचं झाकण उचललं, उलटं केलं आणि झटकलं. काहीच पडलं नाही. मग तिने खाचेतून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं आणि दुसरं झाकण उचललं.