चुंबन खरं, योगायोग खोटा

पॅरिसच्या नगरपालिकेसमोरचा रस्ता. पुढे कॅफेच्या खुर्चीत बसलेल्या कुणाची तरी पाठ, मागे फिकट होत गेलेली इमारत, आणि मधोमध, चालता चालता थांबून, एक तरुण आपल्या मैत्रिणीचं चुंबन घेतो आहे. तिची मान मागे झुकलेली, एक हात सैल सुटलेला. मागून बेरे टोपी घातलेले एक गृहस्थ नाकासमोर बघत निघालेत, त्यांना या प्रकाराचं सोयरसुतक नाही. रोबेर द्वानो या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५० साली काढलेला हा फोटो १९८६ मध्ये पोस्टर होऊन बाजारात आला आणि लाखोंच्या संख्येने खपला. प्रेमाचं शहर म्हणजे पॅरिस, हे ज्यांनी कधी पॅरिस पाहिलं नाही त्यांनाही या एका चित्राने पटवून दिलं.

मग प्रकरण कोर्टात गेलं. फ्रान्समध्ये स्वतःच्या छबीवर माणसाचा कायदेशीर हक्क मानला जातो. एका जोडप्याने दावा लावला की फोटोतले ते दोघे आम्हीच. त्यांना म्हणे तो दिवस आठवत होता, अंगावरचे कपडेसुद्धा ओळखू येत होते. ऐंशी ओलांडलेल्या द्वानोला अखेर १९९३ मध्ये खरं काय ते सांगावं लागलं: हे दोघे तुम्ही असणं शक्य नाही, कारण फोटोतल्या दोघांना मीच उभं केलं होतं. ते नाटकाचं शिक्षण घेणारे विद्यार्थी होते, फ्राँस्वाज आणि जाक. द्वानोने त्यांना चुंबन घेताना आधी पाहिलं, मग जवळ जाऊन विचारलं, ‘पुन्हा एकदा कराल का?’ त्यानंतर प्लास द ला काँकॉर्द, र्यू द रिव्होली आणि शेवटी नगरपालिकेसमोर, अशा तीन ठिकाणी त्यांचे फोटो निघाले. तिसऱ्या जागेचा फोटो अजरामर झाला.

भिंतीवर पोस्टर लावणाऱ्या कित्येकांना आपण फसवले गेलो असं वाटलं. ते स्वाभाविकच होतं, कारण अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने जून १९५० मध्ये ही मालिका छापताना फोटो ठरवून घेतल्याचं सांगितलं नव्हतं. उलट पॅरिसमध्ये प्रेमिक वाटेल तिथे चुंबन घेतात आणि कुणी ढुंकूनही बघत नाही, असाच एकूण सूर होता.

पण चौकट पुन्हा नीट बघा. फ्राँस्वाज आणि जाक खरोखरच एकमेकांच्या प्रेमात होते, म्हणजे चुंबन खोटं नव्हतं. आणि ढुंकून न बघणारं पॅरिसही खोटं नव्हतं! बेरेवाल्या गृहस्थांना कुणी पैसे दिले नव्हते, बाकीच्या वाटसरूंना कुणी ‘असे चला’ म्हणून सांगितलं नव्हतं. ठरवून आलेली माणसं फक्त तीन: दोन चौकटीत, एक कॅमेऱ्यामागे. उरलेला सगळा रस्ता सहज. म्हणजे एकाच फोटोत ‘कँडिड’ आणि ‘पोज’ दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. फोटो रचलेला की उत्स्फूर्त, असा प्रश्न आपण अख्ख्या फोटोला विचारतो. तो चौकटीतल्या एकेका माणसाला विचारायला हवा: तुला माहीत होतं का?

सुरुवातीला हा प्रश्न पडतच नव्हता, कारण छायाचित्रणाच्या जन्माच्या वेळी रस्त्यावरच्या माणसाला सहज टिपणं अशक्यच होतं. छायाचित्रणाचा एक आद्य शोधक लुई दागेर याने १८३८ मध्ये आपल्या खिडकीतून पॅरिसच्या बुलवार द्यु ताँप्ल या रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. घोडागाड्या, पायी चालणारे, सगळं भरपूर होतं. तरी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उमटलेला रस्ता ओसाड दिसतो. प्रकाश टिपायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात जो हलला तो पुसला गेला. उरला एकच माणूस, जो बूट पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबला होता. त्याच्यापाशी पॉलिशवाल्याची अंधूक आकृती. छायाचित्रात ठळकपणे उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात, अर्थात त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. थांबेल तो दिसेल, हा त्या काळाचा नियम. छायाचित्रकार रघु राय यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनवर तोच नियम उलटा वापरला. शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवलं, लोकलच्या गर्दीचा धुरळा झाला आणि पेपर वाचत थांबलेला माणूस तेवढा स्पष्ट राहिला. या फोटोत कुणी पोज दिलेली नाही, आणि तरीही असं चर्चगेट कुणाच्याही डोळ्यांना कधी दिसत नाही.

‘थांबेल तो दिसेल’ या बंधनातून रस्त्यावरचा फोटो मोकळा झाला, त्यात लायका कॅमेऱ्याचा वाटा मोठा. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो बाजारात आला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म, एका रोलवर ३६ फोटो, आणि कोटाच्या खिशात मावेल एवढं यंत्र. साधं गणित करून बघा. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. शटर १/१२५ सेकंद उघडलं तर तेवढ्यात तो सेंटिमीटरभर सरकतो; १/५०० ला जेमतेम तीन मिलिमीटर. रस्त्यावर फोटो काढणारे फोकसही आधीच लावून ठेवतात. २८ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ ८ वर, अंतर सव्वातीन मीटरच्या आसपास, एवढं केलं की साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग डोळ्याला कॅमेरा लावून धडपडत बसायचं कारण उरत नाही. कॅमेरा वर, क्लिक, कॅमेरा खाली. समोरच्याला कळेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच जातीचा. १९३२ मध्ये गार सँ-लाझार स्टेशनमागे कुंपणाच्या फटीत त्याने लेन्स घातली. फट एवढी अरुंद की लेन्स आत गेली तरी पाहायची खिडकी आडच राहिली, म्हणजे समोर काय आहे ते त्याला धड दिसतही नव्हतं. पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणारा माणूस टाच टेकायच्या आत अडकला, मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एक नर्तकी तशीच झेपावते आहे. जन्मभर ‘फोटो कापू नका’ असा आग्रह धरणाऱ्या या माणसाने हा फोटो मात्र कापला, कारण कुंपणाची फळी चौकटीत आली होती. शुद्धतेचे सगळ्यात कडक पुजारीसुद्धा अडचणीच्या वेळी कात्री हातात घेतात, हे माहीत असलेलं बरं.

द्वानोकडे परत जाऊ, कारण त्याच माणसाने दोन वर्षं आधी अगदी उलटा खेळ केला होता. १९४८ मध्ये एका जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या काचेत एका नग्न स्त्रीचं चित्र लावलेलं होतं. द्वानोने आतल्या बाजूला कॅमेरा लपवला आणि बाहेरून चित्र बघणाऱ्यांचे चेहरे टिपत राहिला. त्या मालिकेतला सर्वांत प्रसिद्ध फोटो एका नवरा-बायकोचा आहे. बायको दुसऱ्याच एका चित्राबद्दल मन लावून काहीतरी सांगते आहे, नवऱ्याची मानही तिच्याच दिशेला आहे, फक्त डोळे तिरपे होऊन भलतीकडे गेलेत. इथे गळ आणि आमिष दोन्ही आधीच लावलेले, पण मासा खरा. माझ्या लेखी हा फोटो शंभर टक्के सहज आहे. चुंबनाचा तसा नाही. त्यात सौंदर्य आहे, कसब आहे, पण ज्या अवचितपणाची वाहवा त्याला मिळाली ती त्याने कमावलेली नव्हती. रस्त्यावरच्या फोटोची किंमत तो हुकण्याच्या शक्यतेत असते, आणि ‘पुन्हा एकदा कराल का’ म्हटलं की ती शक्यता संपते. आपल्याकडे लग्नाच्या पॅकेजमध्ये ‘कँडिड’चा दर वेगळा लावून फोटोग्राफर नवरीला सांगतो, ‘ताई, कॅमेऱ्याकडे बघू नका, सहज हसा’. त्यालाही हा हिशेब पक्का कळलेला असतो.

या दोन टोकांच्या मधली जागा सगळ्यात गमतीची. ऑगस्ट १९५१, फ्लोरेन्स. रूथ ऑर्किन ही अमेरिकन छायाचित्रकार आणि तेवीस वर्षांची निनाली, एकट्याने प्रवास करणाऱ्या दोन मुली, एका स्वस्त हॉटेलात भेटल्या. बाईने एकटीने फिरणं कसं असतं यावर फोटो काढू या म्हणून बाहेर पडल्या. एका चौकातून निनाली चालत गेली आणि नाक्यावरचे पुरुष बघतच राहिले. ऑर्किनने फोटो घेतला, तिला म्हणाली, परत एकदा चाल. आणि स्कूटरवरच्या माणसाला सांगितलं की बाकीच्यांना कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून सांग. दुसऱ्या फेरीतला फोटो जगप्रसिद्ध झाला: शाल सावरत, नजर खाली घेऊन चाललेली मुलगी आणि दोन्ही बाजूंना टक लावून बघणारी पुरुषांची रांग.

आता याला काय म्हणायचं? चालणारीला माहीत होतं. बघणाऱ्यांनाही समोर कॅमेरा आहे हे कळलं असणार. पण त्या नजरा कुणी शिकवल्या नव्हत्या. पहिल्या फेरीतही त्या तशाच होत्या. मी हा फोटो रस्त्याच्या फोटोंतच धरेन. त्याचा अर्थ काय, हा वाद मात्र वेगळ्याच वळणाने गेला. पुढच्या पिढ्यांना त्यात छेडछाड दिसली, आणि निनाली क्रेग २०१८ मध्ये वारेपर्यंत सांगत राहिली की तसं काही नव्हतं, मला तेव्हा मजा येत होती. फोटो किती रचलेला याचं उत्तर मिळूनसुद्धा तो कशाबद्दल आहे हे ठरत नाही.

कॅनडाच्या जेफ वॉलने हा गुंता वेगळ्याच रीतीने सोडवला. व्हँकुव्हरच्या रस्त्यावर एका गोऱ्या माणसाने आशियाई माणसाला बघून डोळा ताणून वंशद्वेषी हावभाव केला, ते त्याने पाहिलं होतं. त्या वेळी फोटो काढला नाही. नंतर नट घेऊन तो क्षण पुन्हा उभा केला, १९८२ मध्ये तो प्रचंड आकाराच्या उजळलेल्या पारदर्शिकेवर दाखवला, आणि रचलेला आहे हे कधी लपवलं नाही. त्यामुळे वॉलवर फसवणुकीचा आरोप होत नाही. वर्तमानपत्रात हेच बातमीचा फोटो म्हणून छापलं असतं तर नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती.

आणि आता दुसरं चुंबन. १४ ऑगस्ट १९४५, न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर. जपान शरण येणार या बातमीने रस्ते ओसंडून वाहत होते. ‘लाइफ’चा आल्फ्रेड आयझेनश्टाट एका खलाशावर नजर ठेवून होता, तो वाटेत येईल त्या बाईला मिठी मारत सुटला होता. गडद गणवेशाच्या खलाशाने पांढऱ्या कपड्यातल्या एका तरुणीला पकडलं, मागे वाकवलं, आणि आयझेनश्टाटने काही सेकंदांत चार फोटो घेतले. यात काडीइतकंही ठरवलेलं नव्हतं, याला बळकटी देणारी गोष्टही आहे: व्हिक्टर जॉर्गेनसन या नौदलाच्या छायाचित्रकाराने तेच चुंबन दुसऱ्या कोनातून टिपलेलं आहे.

सहजतेच्या कसोटीवर हा फोटो अव्वल. आयझेनश्टाटने नावं विचारलीच नाहीत. १९८० मध्ये ‘लाइफ’ने फोटोतल्या दोघांनी पुढे यावं म्हटलं तेव्हा अकरा पुरुष आणि तीन स्त्रियांनी ‘ते आम्ही’ म्हणून दावा केला. सर्वांत जास्त मान्यता मिळाली ती ग्रेटा झिमर फ्रीडमन हिला. ती नर्स नव्हती, दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिने नंतर स्पष्टच सांगितलं की ते चुंबन तिने मागितलं नव्हतं. एक अनोळखी माणूस आला आणि त्याने तिला धरलं. पॅरिसच्या रचलेल्या चुंबनात दोघांची राजीखुशी होती. न्यूयॉर्कच्या अस्सल चुंबनात, तिचं म्हणणं खरं धरलं तर, एकाचीच. चौकटीतल्या प्रत्येकाला ‘तुला माहीत होतं का’ विचारत गेलं तर इथे सगळ्यात ठाम ‘नाही’ त्या तरुणीचंच येतं.

खलाशी कोण, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. जॉर्ज मेंडोन्सा हे नाव बहुतेकांनी स्वीकारलं होतं. मग टेक्सासच्या डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांचे चेहरे सोडून मागच्या इमारतीवर पडलेल्या सावलीकडे पाहिलं. ती एका हॉटेलच्या छतावरच्या जाहिरातफलकाची सावली होती. जुने नकाशे आणि फोटो जमवून त्यांनी टाइम्स स्क्वेअरची छोटी प्रतिकृती बांधली, आरशाने सूर्य फिरवला, आणि सावली नेमकी फोटोतल्या जागी केव्हा पडते ते शोधलं. उत्तर आलं: संध्याकाळी ५ वाजून ५१ मिनिटं. २०१५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मेंडोन्सा आणि फ्रीडमन यांच्या आठवणी मात्र दुपारी दोनच्या सुमाराच्या होत्या, म्हणून ओल्सनच्या मते ते दोघेही या फोटोत नाहीत. त्यांच्या बाजूने पुस्तक लिहिणाऱ्यांना हे अर्थातच मान्य नाही. त्याच सावलीतून आणखी एक गोष्ट निघाली. अध्यक्ष ट्रुमन यांनी विजयाची अधिकृत घोषणा केली ती संध्याकाळी सात वाजता. म्हणजे विजयाचं चुंबन म्हणून जगभर छापला गेलेला हा फोटो, घोषणेच्या एक तास नऊ मिनिटं आधीचा, अजून अफवेवरच चाललेल्या जल्लोषाचा आहे.