लेस्टर: जिथे कोणीच बहुसंख्य नाही

२०२१च्या जनगणनेत इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६८ हजार भरली. त्यात आशियाई ४३.४ टक्के, गोरे ४०.९, कृष्णवर्णीय ७.८, निम्म्याच्या वर कोणीच नाही. २०११मध्ये गोरे जेमतेम निम्मे होते.

आपण कोण, हे जनगणनेच्या अर्जावर ज्याचं तोच नोंदवतो. त्यामुळे आशियाईंमधल्या ‘भारतीय’ या एका रकान्यात फार वेगवेगळी आयुष्यं येतात. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं लेस्टरला आली. ‘येऊ नका’ अशी जाहिरात इथल्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात दिली होती, तरीही आली. ती जाहिरात आज वाचतानाही मन खट्टू होतं. बेलग्रेव्ह रोडची बाजारपेठ त्यांच्याच दुकानांनी बहरली. अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टवर दीव-दमणची माणसंही इथे स्थायिक झाली आहेत.