खिशातली लिली, अंगणातली लिली



तुमच्या खिशात किंवा बटव्यात एक शेकेलचं नाणं असेल तर जरा बाहेर काढा. चष्मा लावून पाहा, कारण नाणं लहान आहे. त्यावर एक फूल आहे आणि जुन्या इब्री लिपीत ‘यहूद’ असं लिहिलेलं आहे. ते फूल लिलीचं. फारसी राजवटीत यहूदा प्रांतात चांदीची चिमुकली नाणी पाडत असत, त्यांतल्याच एका नाण्यावरून ते घेतलं आहे. बाजारात काकड्या घेताना हे फूल आपण रोज देतो नि घेतो, पण त्याच्याकडे पाहत कोणी नाही. आम्हीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं.

आता अश्दोदमध्ये तळमजल्यावर राहतो. घरापुढे चार हात लांब मातीचा पट्टा आहे आणि भिंतीला टेकून सहा कुंड्या. एवढ्या जागेत गेली अनेक वर्षं आम्ही लिली लावत आलो आहोत. चुकाही पुष्कळ केल्या. त्यातली एक चूक फार महाग पडली, ती पुढे सांगूच. लिली लावायचे दिवस आता तोंडावर आले आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

नावांचा घोटाळा

इब्रीत लिलीला ‘शोशान’ म्हणतात. आपल्यात कितीतरी घरांत एखादी शोशाना आहे, तिचं नाव यावरूनच आलं. पण फुलवाल्याकडे जाऊन नुसतं ‘शोशाना’ म्हणालात तर तो बहुधा गुलाब हातात ठेवील. लोकांच्या बोलण्यात शोशाना म्हणजे गुलाब झाला आहे. पांढरी लिली हवी असेल तर ‘शोशान त्सहोर’ असं स्पष्ट सांगावं.

तनाखमध्ये शोशान ठिकठिकाणी आहे. शलोमो राजाच्या मंदिरापुढच्या याखीन आणि बोअज या दोन खांबांच्या माथ्यावर लिलीचं काम होतं, आणि पितळी हौदाची कडही लिलीच्या फुलासारखी वळवलेली होती, असं पहिल्या राजांच्या सातव्या अध्यायात आहे. शिर हाशिरीममध्ये तर हे फूल पुन्हा पुन्हा येतं. काही तेहिलीमच्या मथळ्यातही त्याचं नाव आहे. पुरिमला मगिला वाचून झाल्यावर आपण ‘शोशनात याकोव’ म्हणतो, तिथेही तेच. मात्र तनाखमधला शोशान म्हणजे नेमकी आजची पांढरी लिलीच, यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी कमळ म्हणतात, कोणी नर्गिस.

ही पांढरी लिली या देशात रानातही उगवते, पण फार थोड्या जागी. कार्मेल डोंगरात आणि वरच्या गालीलमध्ये, कडेकपारीत. ती कायद्याने संरक्षित आहे. फूल तोडणं किंवा कंद उपटणं गुन्हा आहे. १९६० च्या दशकात रानफुलं तोडू नका अशी मोठी मोहीम इथे झाली, ती आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. मुलं शाळेतून शिकून आली आणि त्यांनी आपल्याला शिकवलं. तेव्हा कंद घ्यायचा तो मश्तेलातून, म्हणजे रोपवाटिकेतून, तिथे वाढवलेलाच घ्यावा.

कोकणातला पाऊस आणि इथला पाऊस

आम्ही पहिल्यांदा मश्तेलात गेलो तेव्हा तिथला माणूस सारखा ‘बत्साल, बत्साल’ म्हणत होता. आम्हाला वाटलं, हा कांदे का विकतोय? इब्रीत कांद्याला आणि फुलाच्या कंदाला एकच शब्द. हसू आलं, पण कंद घेऊन आलो.

पहिल्या वर्षी सगळे कुजले. का कुजले, हे समजायला वेळ लागला. आमचं बालपण अलिबागजवळचं. तिथे मे महिना तापला की जमिनीतून फुटबॉल लिलीचे लाल गोळे वर येत. पहिला पाऊस पडला की विहिरीच्या कडेला रेन लिली उमलत. श्रावणात सोनटक्का फुले आणि आया तो केसांत माळत. आमच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं होतं, की उन्हाळ्यात झाड सुकलं तर त्याला पाणी घालायचं.

इथे पाऊस उलटा. कोकणात जून ते सप्टेंबर, इथे ऑक्टोबर ते एप्रिल. इथल्या पांढऱ्या लिलीने आपला दिनक्रम या पावसाप्रमाणे बसवला आहे. ‘योरे’ म्हणजे पहिला पाऊस आला की ती जागी होते, हिवाळाभर पानं धरते, मे महिन्याच्या सुमाराला फुलते आणि उन्हाळ्यात झोपते. तिची पानं पिवळी पडून दांडा वाळला, तेव्हा आम्ही घाबरून रोज बादलीभर पाणी ओतलं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतावं तसंच ते झालं. कंद जमिनीतच सडला.

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: पांढरी लिली उन्हाळ्यात मेलेली नसते, झोपलेली असते. तिला एकटं सोडा.

कोणती लिली घ्यावी

दुकानात रंगीत चित्रं पाहून भुलू नका. आमचा अनुभव असा:

पांढरी लिली, शोशान त्सहोर. इथलीच असल्यामुळे इथली चुनखडीची माती तिला मानवते. वास संध्याकाळी आणि रात्री जास्त येतो. जागा बदललेली तिला आवडत नाही. पहिल्या वर्षी कधी कधी फुलत नाही, तेव्हा उपटून टाकू नका.

लांब तुतारीसारखी पांढरी लिली, लाँगिफ्लोरम. ही मुळात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची. कुंडीत चांगली होते. हिच्यापासून तयार केलेल्या रंगीत संकरित जातीही सोप्या आहेत.

एशियाटिक. केशरी, पिवळी, लाल. वास जवळजवळ नसतो. ज्यांचं वासाने डोकं दुखतं त्यांच्यासाठी हीच बरी.

ओरिएंटल, म्हणजे स्टारगेझरसारखी गुलाबी ठिपक्यांची. दिसायला सगळ्यांत देखणी आणि सांभाळायला सगळ्यांत कठीण. तिला आम्लाची माती आणि थंडावा लागतो. आपल्या नळाच्या जड पाण्याने तिची पानं पिवळी पडतात. हौस असेल तर कुंडीत, पीट घातलेल्या मातीत लावा आणि पावसाचं पाणी साठवून घाला.

लावण्याची रीत

कंद हातात घेऊन दाबून पाहा. घट्ट आणि जड असावा. मऊ लागला किंवा निळी बुरशी दिसली तर परत करा. लिलीच्या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं, उघड्या पाकळ्याच असतात. त्यामुळे तो लवकर सुकतो. आणला की त्याच आठवड्यात लावून टाका.

शोशान त्सहोर उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावतात. सुक्कोतपर्यंत उशीर झाला तरी चालतं. हेश्वानच्या ७ तारखेपासून आपण तेफिलामध्ये पाऊस मागायला लागतो, त्याच्या आत कंद जमिनीत गेलेला असावा, असा आम्ही आमचा नियम केला आहे. तो उथळ लावायचा. वर फक्त २ ते ३ सेंटिमीटर माती, म्हणजे दोन बोटं.

बाकीच्या लिली याच्या उलट, खोल लावायच्या. कंदावर १० ते १५ सेंटिमीटर माती हवी, कारण त्यांना कंदाच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. त्यांचे कंद दुकानात हिवाळ्यात येतात. थंडी देऊन आणलेले असतात, त्यामुळे लावल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुलं येतात. आपल्याकडे किनाऱ्यावर थंडी कमी, म्हणून दुसऱ्या वर्षी तेच कंद चांगले फुलावेत असं वाटत असेल तर ते काढून, किंचित ओलसर पीटमध्ये घालून, भोकं पाडलेल्या पिशवीत सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवावेत. शेजारी सफरचंदं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू आतला कोंब बिघडवतो. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘फूल’ असं लिहा. आमच्या घरी एकदा ते कंद रश्शात जाता जाता वाचले.

कुंडी किमान ३० सेंटिमीटर खोल असावी आणि तळाला भोकं असावीत. एका कुंडीत तीन कंद पुरे. पाणी तुंबलं की लिली गेलीच. सकाळचं ऊन द्यावं, दुपारचं टाळावं. बुंध्याशी थोडा पालापाचोळा पसरला की मुळं थंड राहतात.

गुडघे दुखत असतील तर वाकू नका. कुंडी स्टुलावर ठेवा आणि आपण खुर्चीवर बसून लावा. आम्ही आता असंच करतो. उंच दांड्याला काठी लावायची असेल तर कंद लावतानाच रोवा, नंतर रोवली तर कंदाला भोक पडतं.

हिवाळ्यात पाऊस पडून गेला की गोगलगायी येतात आणि एका रात्रीत कोवळी पानं खातात. भल्या सकाळी टॉर्च घेऊन त्या वेचणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. कळ्यांवर मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी मारून थोड्या वेळाने धुऊन टाकावं.

घरात आणताना

सगळ्यांत खालची कळी रंग दाखवायला लागली की दांडा कापावा, बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. पण दांडा मुळापासून कापू नका. निदान एक तृतीयांश पानं झाडावर ठेवा, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्याच कमाईवर येतं. शब्बाथसाठी आम्ही शुक्रवारी दुपारीच कापतो. पांढरी लिली शावुओतच्या सुमारास फुलली तर घर सजवायला दुसरं काही लागत नाही. झोपायच्या खोलीत मात्र ठेवू नका, वास जड होतो.

फुलातल्या पिवळ्या-तांबड्या परागाचा डाग टेबलावरच्या पांढऱ्या कपड्याला पडला तर पाणी लावू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, निघून येतो.

जे आम्हाला आधी कळायला हवं होतं

आता ती महाग पडलेली चूक.

आमच्या वरच्या मजल्यावर पेणच्या एक मावशी राहतात. काका गेले, मुलं लांब गेली. सोबतीला एक मांजर होती, रस्त्यावरून आलेली, राखाडी. मावशी तिच्याशी मराठीत बोलत. एका शुक्रवारी आम्ही आमच्या लिलीचे तीन दांडे मोठ्या अभिमानाने त्यांना नेऊन दिले. मांजर टेबलाखालून गेली, पराग तिच्या पाठीवर सांडले आणि तिने अंग चाटलं. रात्री ती ओकली. मावशींना वाटलं, मासे बाधले असतील. शब्बाथ संपल्यावर डॉक्टरकडे नेली, तोवर तिचे मूत्रपिंड निकामी झाले होते.

डॉक्टरांनी सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहितो. खऱ्या लिलीचं सगळं झाड मांजराला विष आहे: पान, पाकळी, पराग आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा. थोडं पोटात गेलं तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतात. पराग खुडून टाकले तरी धोका जात नाही. मांजराने तोंड लावलं अशी नुसती शंका आली तरी वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा. लवकर सलाईन सुरू झालं तर जीव वाचू शकतो.

आम्ही मावशींची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, “तुम्ही फूल दिलंत रे बाबांनो, विष नाही दिलंत.” एवढं बोलून चहा ठेवायला उठल्या. त्या वाक्याने आमचं ओझं हलकं झालं नाही, वाढलंच.

तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत. ज्या घरी मांजर आहे तिथे लिली द्यायची नाही, गुलाब द्यायचा. आणि अंगणातल्या कुंड्या आम्ही जाळीच्या आत घेतल्या आहेत, कारण आपल्या इमारतींखाली किती मांजरं फिरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरी मांजर असेल तर लिली लावूच नका. हे फूल नाण्यावरही छान दिसतं.

शेवटचं थोडं

पुढचं श्मिता वर्ष ५७८९. ते २०२८ च्या सप्टेंबरमध्ये रोश हाशानाला सुरू होईल. जे श्मिता पाळतात त्यांनी कंद त्याआधी पुरेसे दिवस लावून घ्यावेत. नेमके किती दिवस आणि कुंडीचं काय, ते आपल्या राव्हना विचारावं.

कोणी म्हणेल, या वयात कंद लावायचा आणि दोन वर्षांनी फूल पाहायचं, कशाला? आम्हीही तसं म्हणायचो. पण लावलेल्या कंदाचा एक फायदा आहे. सकाळी उठून कुंडीशी जायला कारण मिळतं. योरे पडला आणि मातीतून पानांचा हिरवा झुबका वर आला की आम्ही एकमेकांना हाक मारतो. गेल्या हिवाळ्यात ती हाक ऐकून वरच्या मावशीही गॅलरीत आल्या. “आली का?” म्हणाल्या. “आली,” आम्ही म्हणालो.

सर्वांना शाना टोवा.