'गॉन्झो' : एका संज्ञेची व्युत्पत्ती आणि मराठी पर्यायाचा प्रश्न

'गॉन्झो पत्रकारिता म्हणजे पीत पत्रकारिता' असे समीकरण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळते आणि कधीकधी आपण अध्यापकही त्यास गुण देतो. प्रस्तुत लेखकानेही नवी मुंबईत अध्यापन करताना ते दिलेले आहेत. म्हणून या संज्ञेचा उगम तपासणे अगत्याचे वाटते.

१९७० साली हंटर थॉम्पसन या अमेरिकन पत्रकाराने 'स्कॅनलन्स मंथली' या मासिकासाठी केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीवर लेख लिहिला. मुदत संपत आल्याने त्याने टिपणवहीची पाने फाडून तशीच पाठविली. लेखात शर्यत नाममात्र असून प्रेक्षकांची मद्यधुंदी आणि खुद्द लेखकाची दशा हाच विषय आहे. तो वाचून बिल कार्डोसो या संपादकमित्राने त्यास 'गॉन्झो' म्हटले. बॉस्टनच्या आयरिश वस्तीत, रात्रभर मद्यपान करून अखेरपर्यंत उभा राहणाऱ्यास हा शब्द वापरतात, असे कार्डोसोचे सांगणे. इटालियन भाषेत 'गॉन्झो' म्हणजे भोळसट मनुष्य. स्पॅनिश 'गान्सो'शीही, म्हणजे हंसाशी, त्याचा संबंध जोडला जातो. शिवाय जेम्स बुकर या वादकाची याच नावाची धून १९६० मध्येच प्रसिद्ध झाली होती. सारांश, व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. प्रयोग मात्र निश्चित आहे.

पीत पत्रकारिता याहून वेगळी. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर व हर्स्ट यांच्या खपाच्या स्पर्धेतून ती जन्मली. तेथे अतिरंजन वस्तुस्थितीचा वेष घेऊन येते. गॉन्झोमध्ये लेखक आपले अतिरंजन लपवीत नाही. 'मी येथे होतो आणि माझी नजर अशी आहे' हे तो आधीच सांगून टाकतो. त्यामुळे 'विक्षिप्त पत्रकारिता' हा पर्यायही अपुरा ठरतो; त्यात लेखकाचा स्वभाव येतो, लेखनाची पद्धत येत नाही.

मराठीत या पद्धतीच्या जवळ जाणारे लेखन अनिल अवचट यांचे. 'पूर्णिया' (१९६९) पासून त्यांच्या रिपोर्ताजांत 'मी' सतत उपस्थित आहे. परंतु हा 'मी' ऐकणारा आहे; थॉम्पसनचा 'मी' रंगमंच व्यापतो. व्यसन हा थॉम्पसनच्या शैलीचाच भाग होता. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले आणि त्यांच्याच कुटुंबाच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अवचटांना गॉन्झो म्हणणे त्यामुळे चुकीचे होईल. 'रिपोर्ताज' हा शब्दही मूळचा फ्रेंच. तो मराठीत रुळला तसा 'गॉन्झो' हाही भाषांतर न करता ठेवावा, आणि उत्तरपत्रिकेतील 'पीत'वर लाल रेघ ओढावी.