शोकाला पायऱ्या नसतात

जवळचं माणूस गेल्यावर मन पाच टप्प्यांतून जातं, असं आपण ऐकलेलं असतं: नकार, राग, देवाला घातलेली गळ, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले, तेही स्वतः मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. प्रत्यक्षात शोक असा ओळीने सरकत नाही.

मग तो चालतो कसा? ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मते, ज्याच्याशी जीव जडलेला असतो त्याला मन शोधत राहतं. म्हणूनच दारात त्याची चाहूल लागते, गर्दीत तोच दिसल्यासारखा वाटतो. हे वेड लागल्याचं लक्षण नव्हे.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये पुढचा उलगडा केला. शोकात माणसापुढे दोन कामं एकदम उभी राहतात. एक, गेलेल्यासाठी झुरणं: आठवणी, रडू, फोटो. दुसरं, बदललेला संसार सावरणं: बँकेचे व्यवहार, मुलांची फी, आजवर जोडीदार पाहत असे ती सगळी कामं. मन या दोहोंमध्ये ये-जा करतं. सकाळी ढसाढसा रडलेली बाई दुपारी नातवाच्या बोलण्यावर हसते, तेव्हा तिचं दुःख खोटं नसतं. मन थोडा विसावा घेत असतं. केवळ झुरण्यात किंवा केवळ कामात बुडून राहिलं, की ही ये-जा थांबते आणि त्रास वाढतो.

गेलेल्याला विसरणं हीसुद्धा सावरण्याची अट नाही. मनातल्या मनात त्याच्याशी बोलत, त्याचा सल्ला आठवत अनेक जण उत्तम जगतात.

काहींचा शोक मात्र निवळत नाही. मोठ्या माणसांत वर्ष उलटूनही तीव्र ओढ जवळजवळ रोज छळत असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत त्याची नोंद केली. त्यावर उपचार आहेत. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

तेराव्यानंतर माणसांची वर्दळ ओसरते, शोक ओसरत नाही. त्यानंतरही त्या घरी जात राहा. तिथे कुणी रडलं तर रडू द्या, हसलं तर हसू द्या.