आधी दोर, मग माणूस

हरभऱ्याच्या झाडावर चढायला दोर लागत नाही. बाकी कुठल्याही मोठ्या झाडाखाली उभं राहिलं की पहिला प्रश्न एकच पडतो: खालच्या फांदीपर्यंत पोचायचं कसं? रस्त्याकडेचा एखादा जुना पर्जन्यवृक्ष डोळ्यांसमोर आणा. खोड दोघांच्या कवेत न मावणारं, पहिली भक्कम फांदी वीस फुटांवर, आणि काम काय, तर पावसाळ्याआधी वरची एक वाळकी फांदी उतरवायची. आपल्याकडे हे काम करणारा माणूस बहुधा अनवाणी चढतो. कमरेला कोयता, खांद्यावर दोरखंड. तो दोरखंड त्याच्यासाठी नसतो. तोडलेली फांदी बांधून खाली सोडायला असतो. युरोप-अमेरिकेतला कामगार पिढ्यान्‌पिढ्या पोटरीला लोखंडी पट्ट्या आवळून, त्यांचे अणकुचीदार काटे खोडात रुतवत चढत आला. एका पद्धतीत माणसाचा जीव टांगणीला, दुसरीत झाडाचा. दोन्ही पद्धती दिसायला एकमेकींच्या उलट, पण दोष दोन्हींचा एकच. दोन्हीकडे माणूस आधी वर जातो आणि दोर, गेलाच तर, त्याच्यामागून. हा क्रम फिरवला, जमिनीवर उभं राहूनच दोर वर लावला आणि मग त्या दोरावर माणूस चढला, तर काट्यांची गरजच उरत नाही. एवढं मान्य करायला फारसं कोणी कुरकुरणार नाही. माझं म्हणणं थोडं पुढचं आहे. क्रम फिरवल्याने नुसती साल वाचत नाही. छाटणीची जागा बदलते, आणि धोक्याचीही.

आधी काट्यांचा हिशेब पाहू. विजेच्या लाकडी खांबांवर चढायचा काटा साधारण दीड इंचाचा असतो. झाडांसाठीचा पावणेतीन इंचांपर्यंत जातो, कारण त्याला जाड साल भेदून लाकडात रुतायचं असतं. वाटेत लागतो तो कॅम्बियमचा थर. कागदासारखा पातळ, पण आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करण्याचं सगळं काम त्याचं. पंचेचाळीस फूट चढायचं आणि पाऊल फुटाफुटावर टाकायचं म्हटलं तर वर जाताना पंचेचाळीस भोकं, उतरताना आणखी तितकीच. एवढ्या मोठ्या झाडाला नव्वद टोचण्यांनी काय होणार, असं कोणीही विचारेल. माणसाच्या कातडीचा अनुभव जमेस धरला तर प्रश्न रास्तही आहे. पण झाडाचा कारभार वेगळा आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं, आणि १९७७ साली हॅरोल्ड मार्क्स यांच्यासोबत त्याची मांडणी प्रसिद्ध केली. तिचं सार असं की झाडाची जखम भरून येतच नाही. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येत नाहीत. झाड त्या भागाभोवती भिंती घालतं, तो कायमचा कोंडून टाकतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड चढवतं. भिंती चार प्रकारच्या. त्यांतली वर-खाली पसरणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यांत कच्ची, आणि काट्यांची भोकं पडतात ती नेमकी वर-खाली, एका रांगेत. म्हणूनच अमेरिकेतलं छाटणीचं मानक, एएनएसआय ए-३००, जिवंत झाडाच्या छाटणीसाठी काटे वापरू देत नाही. वर अडकलेल्या माणसाची सुटका करायची असेल, दुसरा कोणताच मार्ग नसेल किंवा साल पुरेशी जाड असेल, असे मोजके अपवाद. समूळ काढायच्या झाडाला अर्थातच हा नियम लागू नाही. तिथे सालीची काळजी करण्यात अर्थ नाही, आणि तिथेही काटे वापरू नका म्हणणारा माणूस मला कर्मठ वाटतो.

आता कोकणातला वाचक म्हणेल, आमच्या माडांना पिढ्यान्‌पिढ्या खाचा पाडल्या. माडी काढणारा रेंदेर दिवसातून दोनतीनदा त्याच खाचांत पाय रोवून चढतो, आणि माड साठ-साठ वर्षं उभे आहेत. हे खरं आहे, पण त्यातून काट्यांचं समर्थन निघत नाही. माड हे आंबा-फणसासारखं झाड नव्हेच. त्याच्या खोडात कॅम्बियमचं कडं नसतं. पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे बाहेरून खाच पाडली तर काही जुड्या तुटतात, उरलेल्या काम चालू ठेवतात. उलट कॅम्बियम नसल्यामुळेच त्या खाचेवर नवं लाकूड कधीच चढत नाही. आजोबांनी पाडलेली खाच नातवाच्या पायालाही तशीच लागते. आणि ती निरुपद्रवीही नाही. सोंड्या भुंग्याची मादी अंडी घालायला माडावरच्या जखमाच शोधते, आणि आतून पोखरलेला माड शेंडा झुकेपर्यंत वरून ठणठणीत दिसतो. म्हणूनच माडाला इजा करू नका, असं बागायतदारांना परत परत सांगितलं जातं. केरळात २०११ पासून नारळ विकास मंडळाने तरुणांना पायात अडकवायच्या चढण्याच्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं ते मुख्यतः नारळ उतरवणारे पाडेली मिळेनासे झाले म्हणून. पण त्या यंत्राला खाच लागत नाही, हा फायदा आयताच पदरात पडला. माडाचा दाखला द्यायचा तर तो सगळा द्यावा.

सालीपेक्षा मला छाटणीचा मुद्दा मोठा वाटतो, आणि त्याच्याकडे दुर्लक्षही जास्त होतं. काटे खोडात रुततात, त्यामुळे काट्यांवर उभा असलेला माणूस खोडाला चिकटलेला असतो. अनवाणी माणूसही जिथे पाय ठरेल तिथेच, म्हणजे जाड फांद्यांच्या बुंध्याशी उभा राहतो. हात जिथे पोचतो तिथेच कोयता चालतो. मग जी फांदी टोकाकडून चार-सहा फूट हलकी करायची, ती बुंध्यातून जाते, किंवा मग शेंडाच उडवला जातो. मे महिन्यात रस्तोरस्ती दिसणारी मुंडण केलेली झाडं निव्वळ अज्ञानातून आलेली नाहीत. ती उभं राहायच्या जागेतूनही आली आहेत. दोर माणसाच्या डोक्यावर, झाडाच्या शेंड्याजवळ अडकवलेला असला की चित्र पालटतं. वजन कमरेच्या पट्ट्यातून दोरावर जातं, पाय फांदीवर नुसते टेकलेले असतात, आणि माणूस आडव्या फांदीवरून बारीक टोकापर्यंत चालत जाऊ शकतो. मोठी जखम न करता फांदी हलकी करायची जागा नेमकी तिथे आहे.

दोर जमिनीवरून वर लावण्याची युक्ती घडवण्यात रानावनातल्या संशोधकांचाही मोठा वाटा आहे. कोस्टा रिकातल्या ला सेल्वाच्या जंगलात डोनाल्ड पेरी यांनी १९७०च्या दशकात आडव्या धनुष्याने मासेमारीची बारीक दोरी उंच फांद्यांवरून मारली, तिच्यामागून जाड दोरी ओढली, तिच्यामागून दोर. १९७८ साली त्यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. आपल्याकडे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, कळक्काड-मुंडनतुरैच्या जंगलात काकाची इथे सौभद्रा देवी आणि प्रिया डेव्हिडार यांनी तिथल्या बहुतेक वृक्षजातींचं परागीभवन कोण करतं याचा अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात शेंड्यावरच्या फुलांपर्यंत पोचायला एकेरी दोरच उपयोगी पडला. कॅलिफोर्नियातल्या रेडवुडची साल फूटभर जाड होऊ शकते. काटा तिथे कॅम्बियमपर्यंत पोचणारही नाही, आणि मानकातला अपवादही लागू पडेल. तरीसुद्धा स्टीव्ह सिलेट आणि त्यांचे सहकारी बाणाने दोरी मारूनच चढतात. २००६ साली हायपेरियन या झाडाच्या शेंड्यावरून खाली फीत सोडून त्याची उंची ११५.५५ मीटर भरली, ती अशाच चढाईत.

शहरातल्या झाडासाठी बाण लागत नाही. पाव ते अर्धा किलोची, शिशाच्या छर्‍यांनी भरलेली एक निमुळती पिशवी आणि तिला बांधलेली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी पुरते. दोरी उघड्या डब्यात किंवा कापडी पेटीत सैलसर सोडलेली असते. जमिनीवर पसरली तर पहिल्याच गवताच्या काडीला अडकते. पिशवी दोन पायांमध्ये झुलवून सोडायची. उंची जास्त असेल तर आठ फुटी दांड्यावर बसवलेली मोठी बेचकी वापरायची. फेकणं हा त्यातला सोपा भाग. पिशवी हव्या त्या बेचक्यातून पलीकडे गेली की दोरीला हलके झटके देत ती खाली उतरवायची, मधल्या डहाळ्यांतून सोडवत आणायची, आणि दोरी फक्त एकाच, आपल्याला हव्या त्याच फांदीवर उरली आहे ना हे दुर्बिणीतून पाहायचं. खाली एखाद्या वाळक्या खुंटावर दोर टेकलेला राहिला, तर चढताना तो खुंट मोडतो आणि माणूस दोन-चार फूट एकदम खाली येतो. हे जमलं की पिशवी सोडून तिथे चढायच्या दोराचं टोक बांधायचं, दोन-तीन वेढे देऊन आणि वर चिकटपट्टी गुंडाळून उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं करायचं, म्हणजे ते बेचक्यात अडत नाही. या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: झाडात किंवा झाडाजवळ विजेची तार असेल, तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पिशवी हातातच ठेवायची. ओल्या दोरीला तार आणि माणूस यांच्यातला फरक कळत नाही.

दोराच्या पद्धतीचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. तो झाकून तिची भलामण करण्यात मला रस नाही. काट्यांवर किंवा अनवाणी चढणाऱ्याचा धोका पावलापावलाला विखुरलेला असतो. दोरावर तो सगळा एका बिंदूवर गोळा होतो, आणि तो बिंदू साठ फूट वर, पानांआड असतो. त्यात एक गणित सहज निसटतं. दोर फांदीवरून नेऊन दुसरं टोक झाडाच्या बुंध्याशी बांधलं की फांदीवर भार दुप्पट येतो. विहिरीवरच्या रहाटाला बादलीचं वजनही पेलावं लागतं आणि ओढणाऱ्याची ओढही, तसंच हे. ऐंशी किलोचा माणूस म्हणजे फांदीवर एकशे साठच्या आसपास, वर चढतानाचे हिसके वेगळे. दोराची काळजी कमी. ११-१२ मिलिमीटरचा, मानकाप्रमाणे बनवलेला दोर किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताण सोसतो. प्रश्न लाकडाचा. दुप्पट जाडीची फांदी वाकून मोडण्याला आठपट विरोध करते, आणि खोडापासून हातभर लांब अडकवलेला दोर त्याच फांदीला बुंध्यापाशी कितीतरी जास्त मोडू पाहतो. म्हणून निदान दहा सेंटिमीटर जाड, जिवंत, खोडालगतचं बेचकं हवं. तेही दोन फांद्यांच्या मध्ये साल दबून गेलेलं, चिरेचं नको. जांभूळ आणि शेवग्याच्या फांद्यांवर भरवसा ठेवू नये हे गावातल्या पोरांनाही ठाऊक असतं. आळंबी, ढोली, वाळवीचे माग आणि आग्या मोहोळ खालून फिरून पाहावं लागतं. मग दोघांनी मिळून दोराला लोंबकळायचं. सत्तर-सत्तरचे दोघे म्हणजे वरच्या बेचक्यावर दोनशे ऐंशी किलोच्या जवळपास, चढणाऱ्याच्या भारापेक्षा बरंच जास्त. फांदी मोडायची तर ती तेव्हा मोडू दे, सगळे जमिनीवर असताना.

हा धोका नवशिक्यांचाच आहे असंही नाही. झाडांच्या शेंड्यांच्या अभ्यासात नलिनी नाडकर्णी हे नाव जगभर आदराने घेतलं जातं. भारतातून अमेरिकेत गेलेल्या वडिलांची ही मुलगी. मेपलची झाडं स्वतःच्याच फांद्यांवर साठलेल्या मातीत मुळं सोडतात, हे त्यांनी १९८१ साली दाखवलं. २०१५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिकच्या जंगलात दोराने दगा दिला आणि त्या सुमारे ५० फुटांवरून खाली पडल्या. जबर जखमी झाल्या, वाचल्या, पुन्हा कामाला लागल्या. यावरून कोणी दोर नकोच म्हणेल, तर ते मला पटत नाही. काट्यांवरचा माणूसही काटा निसटला की खोडावरून घसरतो, आणि अनवाण्याच्या हाताला तर काहीच बांधलेलं नसतं. पण दोर लावला म्हणजे काम सुरक्षित झालं, ही समजूत या घटनेने नक्कीच मोडीत निघते. चढण्यापूर्वी दोर हातातून सरकवत इंचाइंचाने तपासणं आणि वरचा टेकू दोघांच्या वजनाने पारखणं हा पद्धतीचाच भाग आहे. वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यात शेकडो झाडं उरकायची असतात. कसलेल्या माणसाची पिशवी दुसऱ्या फेकीत बसते, एरवी अर्धा-पाऊण तास एका दोरावर जातो. माणसाला पाळण्यातून वर उचलणाऱ्या गाडीने तेच काम झटपट होतं, आणि ती जिथे पोचते तिथे ती वापरावी. सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या मागे, गल्लीबोळात ती पोचत नाही. तिथे आजही अनवाणी माणूसच जातो. दुसरा आक्षेप असा की दोरही साल घासतो. धावता दोर पातळ सालीच्या गुलमोहराला खरंच करवतीसारखा कापतो. त्यासाठी फांदीवर दोन कड्यांचा पट्टा अडकवून त्यातून दोर नेतात, किंवा दोर जागेवर स्थिर ठेवून माणूस त्याच्यावरून चढतो. दोर पकडत वर सरकणारा जुमार सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांच्या ओळखीचा, तत्त्व तेच. कायद्याकडे पाहिलं तर १९७५च्या आपल्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलेलं आहे. परवानगी फांदीची मिळते. चढण्याच्या वाटेवर खोडाला पडलेल्या भोकांची आणि खाचांची नोंद छाटणीच्या कागदावर होत नाही.

काम संपल्यावर दोर उतरवणं हाही लावण्याचाच एक भाग. संशोधक फांदीवर जाड दोर ठेवून जात नाहीत, कारण ऊन आणि पाऊस त्याची ताकद खातात. त्याच्या जागी बारीक दोरी ओढून ठेवतात आणि पुढच्या हंगामात तिच्यामागून नवा दोर नेतात. शहरात तीही ठेवत नाहीत. बुंध्याची गाठ सोडतात, टोकावर एकही गाठ उरली नाही ना ते बोटांनी चाचपतात, आणि दोर सावकाश ओढतात. शेवटचं टोक बेचक्यातून सुटतं तेव्हा ते चाबकासारखं येतं, सोबत एखादी वाळकी काटकीही घेऊन. म्हणून ओढणारा बाजूला सरकून उभा राहतो, आणि डोक्यावरचं शिरस्त्राण त्यानंतरच काढतो.