क्लायंट तीन, घड्याळं चार

पहाटे 5.10. धायरी, पुणे. गुरुवार, ऑगस्टचा पाऊस. हॉलच्या कोपऱ्यात घडीचं टेबल. त्यावर लॅपटॉप, हेडसेट, एक लांब वही. सिडनीत 9.40 झालेत, तिथलं ऑफिस उघडलंय. ती गॅसवर चहा ठेवते. नवरा फर्स्ट शिफ्टला निघून गेलाय, आत सासूबाई आणि मुलगा झोपलेत. नाव छापू नका, असं तिने आधीच सांगितलंय. तिन्ही क्लायंटच्या करारांत गुप्ततेचं कलम आहे. काम सांगायला मात्र हरकत नाही: व्हर्च्युअल असिस्टंट. परदेशातल्या लहान धंदेवाल्यांच्या मेल, भेटीच्या वेळा, बिलं आणि फोन घरात बसून सांभाळायचे.

5.20. ट्रॅकर सुरू. सिडनीचा क्लायंट भाड्याच्या घरांची एजन्सी चालवतो. काम अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवरून मिळालेलं, तासाला 5 डॉलर. तिथे तासाचा किमान दर 3 डॉलर आहे. तिने तिथूनच सुरुवात केली. ट्रॅकर तासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात केव्हातरी स्क्रीनचा फोटो घेतो. किती कळा दाबल्या, माउस किती चालला, तेही मोजतो. क्लायंटला सगळं दिसतं.

रात्रभरात मेल साचल्यात. गळका नळ, तो प्लंबरकडे. घर बघायला येणारं जोडपं, त्यांना शनिवारची वेळ. एका भाडेकरूचा भाडेकरार संपत आलाय, तो नीट वाचून त्यातल्या तारखा वेगळ्या काढायच्या. ती वाचते. बोटं स्थिर, ओठ हलतात.

6.40. क्लायंटचा मेसेज. 'मधली वीस मिनिटं हालचाल फारच कमी दिसते. झोप लागली होती का?'

वाचताना कळा दाबल्या जात नाहीत. हे त्याला याआधीही सांगून झालंय. ती ट्रॅकर बंद करते, मग उत्तर लिहायला घेते. कोणत्या पानावर कोणती तारीख सापडली, पाळीव प्राण्यांच्या कलमात काय लिहिलंय, आणि त्या वीस मिनिटांतल्या स्क्रीनच्या फोटोंत तोच करार दिसतोय. 'तुमचा गैरसमज झालाय' हे वाक्य ती लिहिते आणि खोडते. पंधरा मिनिटं जातात.

ट्रॅकर का बंद केला, मी विचारते.

'खुलाशाचे पैसे लावले, तर उद्या त्या पैशांचा खुलासा मागेल.'

8.35. सिडनीचे तीन तास भरले. 15 डॉलर. तिच्या करारात अपवर्क 10 टक्के कापतं, म्हणजे हातात साडेतेरा. हिशेबाचा आठवडा ग्रिनिचच्या घड्याळाने चालतो, म्हणून आपल्याकडे तो सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होतो. पैसे त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी मोकळे होतात. आज राबलेल्या तीन तासांचं दूध-भाजीत रूपांतर व्हायला इतके दिवस लागतात.

सासूबाई आतून हाक मारतात. 'अगं, पाणी भरून घेतलंस का? गुरुवार आहे.' पिंप, दोन बादल्या, पिण्याचं वेगळं. पोळ्या. मुलाचा डबा. शाळेची व्हॅन.

10.05. वीज गेली. गुरुवारी दुरुस्ती असते, ते धरूनच चालायचं. इन्व्हर्टरची पंधरा हजारांची बॅटरी तिने स्वतःच्या कमाईतून हप्त्यावर घेतली. त्यावर फक्त राउटर आणि लॅपटॉप. पंखा नाही. कालच तिने तिघांना कळवून ठेवलंय की आज दुपारपर्यंत व्हिडिओ कॉल नको. अडचण आधी सांगितली तर ती सूचना असते, नंतर सांगितली तर सबब. हे तिचं वाक्य नाही, पण तिचं काम बघताना मला तसं वाटलं.

10.20. आजचं अवघड काम. ओहायोच्या बाई ऑनलाइन शिकवण्या घेतात. महिन्याला 20 तास, 160 डॉलर, काम थेट, मधे कुणी नाही. ठरलेलं काम मेल आणि वेळापत्रक. बाईंचा स्वभाव वाईट नाही. पण दर दोन दिवसांनी 'फक्त एक छोटंसं' येतं. आधी लोगो सुधारून दे. मग वेबसाइटचं एक पान. काल रात्री: मुलीच्या वाढदिवसासाठी हॉल शोधून दे, तिथे फोन करून भाव विचार. या महिन्याचे 20 तास कालच संपलेत. महिना संपायला दहा दिवस आहेत.

ती आधी वहीत मराठीत लिहिते. मनात आहे तसं. तो कागद मला दाखवत नाही. मग इंग्रजीत मेल. पहिल्या खर्ड्यात 'सॉरी' तीनदा आलंय. तिन्ही काढते. 'दुर्दैवाने' जातं, 'खरं तर' जातं. उरतात आकडे. 20 तास कुठे गेले त्याचा तक्ता. खाली तीन वाटा: ही कामं पुढच्या महिन्यात घेऊ, किंवा आत्ता करू आणि जादा तासाला 9 डॉलर, किंवा आत्ताच्या कामांतलं एखादं सोडून देऊ. शेवटी एकच प्रश्न: यातलं कोणतं?

नकाराचा शब्द पत्रात कुठेच नाही. तरी पत्र ठाम आहे. असं पत्र लिहिणं हे कसबाचं काम आहे, आणि त्याला टाइमशीटमध्ये रकाना नाही. पन्नास मिनिटं लागली. मेल पाठवायची वेळ ती संध्याकाळी 6.30 ची लावते, तिथले सकाळचे नऊ. मध्यरात्री पाठवलेला मेल सकाळपर्यंत इतर मेलच्या खाली जातो.

1.30. वीज आली. लंडनमध्ये सकाळचे नऊ. हा क्लायंट पॉडकास्ट करतो, पाहुण्यांच्या वेळा ती जुळवते, तासाला 6 डॉलर. फोनवर तो फार भरभर बोलतो. तिने एक तारीख पुन्हा विचारली की आवाज चढतो. 'इंग्रजी समजतं ना?'

ती थांबते. मग सावकाश म्हणते, 'तारीख मी वाचून दाखवते, तुम्ही हो म्हणा.' तो हो म्हणतो. चार तारखांना चार हो. फोन ठेवल्यावर लगेच मेल: आपलं असं ठरलं, यात बदल असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा. मागे एकदा त्याने पाहुण्याची वेळ स्वतः बदलली आणि दोष हिच्यावर टाकला. तेव्हापासून ठरलेलं सगळं लेखी.

हेडसेट काढते. कानाची पाळी लाल झालीये. 'बोलण्याचं वाईट वाटतं,' ती म्हणते. 'पण पैसे शुक्रवारी न चुकता देतो. म्हणून अजून आहे.'

3.40. शेजारच्या काकू साबुदाणा मागायला येतात. 'तुझं बरंय बाई, घरीच असतेस.' ती हसून डबा पुढे करते.

4.10. वसुली. गेल्या वर्षीच्या एका क्लायंटकडे 240 डॉलर अडकलेत. काम झालं, फाइली गेल्या, मग माणूस गप्प झाला. ती महिन्यातून एकदा लिहिते, तेच इनव्हॉइस जोडते. आशा कमी आहे. त्यानंतर नियम केला: नवीन माणूस थेट आला तर निम्मे पैसे आधी. दोघे त्यावरून परत गेले. त्यांचं तिला दुःख नाही.

7.00. ओहायोचा फोन. बाईंनी मेल वाचलाय.

'मला वाटलं आपण एक टीम आहोत.'

'आहोत ना. म्हणूनच तासांचा हिशेब पाठवला.'

मग शांतता. ती शांतता ही भरत नाही. घाईने बोललं की आपणच दर खाली आणतो, असं ती मला नंतर सांगते. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो, ती माइक बंद करते, पुन्हा उघडते. शेवटी बाई म्हणतात, लोगो राहू दे, वाढदिवसाचं मी बघते, वेबसाइटचं पान मात्र हवंय. तीन तास, 9 डॉलरने. खूश नाहीत. 'ठीक आहे' असं तुटकपणे म्हणतात. ती तेवढंच लेखी मागते, आणि ते आल्यावरच काम उघडते. आज त्यातला दीड तास होतो.

9.45. जेवणं झाली. लंडनवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप: 'अर्जंट.' तिथे कामाची वेळ संपून गेलीये. ती उघडून बघते. पाहुण्याचा फोटो बदलायचाय, भाग पुढच्या आठवड्यात आहे. उत्तर देत नाही. आधी द्यायची. मग रात्री अकरालाही मेसेज येऊ लागले.

10.30. वही. डावीकडे बिलाचे तास: सिडनी 3, लंडन 1.5, ओहायो 1.5. जमा: 13.50, 9 आणि 13.50 डॉलर. थेट येणाऱ्या पैशांतून पेपाल आपली फी आणि विनिमय दरातला फरक कापेल. रुपयांत तीन हजारांच्या जरा आत. उजवीकडे एक रकाना, वर लिहिलंय 'बोलणी'. खुलासा 15 मिनिटं, पत्र 50, वसुली 30, ओहायोची समजूत 25. बेरीज दोन तास.

हा रकाना ती दर महिन्याला क्लायंटवार जोडते. जुलैत सिडनीची बोलणी बाकी दोघांच्या बेरजेहून जास्त निघाली. म्हणून आज ती आणखी एक मेल लिहून ठेवते. सप्टेंबरपासून तासाला साडेसहा डॉलर, नाहीतर महिनाअखेर काम सोडते, नव्या माणसाला सगळं समजावून देईन. वेळ लावते: शुक्रवार, पहाटे 5.00. तिथे साडेनऊ वाजलेले असतील.

'नाही म्हणाला तर?'

'अपवर्कवर दोन ठिकाणी अर्ज टाकलाय,' ती म्हणते. 'साडेसहानेच.'